आलं कवा, मोजलं कवा, कळवलं कवा

आप्पांना काही बातमी सांगायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. आपण जिन्यावरून धावत खाली जावं आणि म्हणावं, "आप्पा, भरतीचा पेपर फुटला म्हणे!" तर ते "कुठला?" किंवा "कुणी फोडला?" असं काही विचारत नसत. मनगटावरच्या घड्याळाकडं एकदा बघत आणि म्हणत, "किती वाजता?"

किती वाजता, ते आम्हाला कधीच सांगता येत नसे.

दौंडला नदीच्या बाजूच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. खाली आप्पा आणि काकू राहत, वर पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. त्यातल्या एकीत मी आणि माझी रूममेट भाड्यानं राहत होतो. ती शिरूर तालुक्यातली, पाबळची. मी राहूच्या पुढं नदीकाठी आमची वस्ती आहे, तिथली. आप्पांनी पहिल्या दिवशी आमची नावं विचारली, वहीत नीट लिहून घेतली आणि नंतर कधीही वापरली नाहीत. तिला ते "पाबळ" म्हणत आणि मला "राहू".

"पाबळ, टाकी भरली, बटन बंद कर."

"राहू, तुझा डबा हितंच ऱ्हायला गं."

मला सुरुवातीला हे तुसडेपणाचं वाटलं होतं. मग एकदा काकू म्हणाल्या, "त्यांच्या नोकरीत माणसाला नाव नव्हतं बाई. फोनवर गावंच बोलायची. पारगाव बोलतंय, दौंड बोलतंय. लग्न झाल्यावर वरीसभर मला बी म्हायेरच्या गावानं हाक मारायचे. पाहुणं हसायचं."

ती नोकरी म्हणजे नदीची पातळी वाचण्याची. पाण्यात एक उंच पट्टी रोवलेली असते, फूटपट्टीसारखे आकडे रंगवलेली. पावसाळ्यात दर तासाला तिथं जायचं, पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि वर कळवायचं. आप्पांनी तीसेक वर्षं हे केलं. निवृत्त झाले तरी तास काही सुटले नव्हते. गॅसच्या टाकीवर ती कधी लावली ते खडूनं लिहिलेलं असे. फ्रीजमधल्या भाजीच्या डब्यावर कागदाची चिठ्ठी, 'मंगळवार, सकाळी ९.१०'. दोन्ही मनगटांवर घड्याळं. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एक खोटं बोललं तर दुसरं सांगतं."

"आन् दोन्ही खोटं बोलली तर?" पाबळनं विचारलं.

"तर भिंतीवरचं हाय की."

भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो होता आणि त्याच्या खाली ते तिसरं घड्याळ. काकू सांगत, मुलीच्या लग्नात भंतेजी वंदना घेत होते तेव्हासुद्धा आप्पांची मान तीनदा मनगटाकडं गेली. "लोकांला वाटलं बाप रडतोय म्हनून मान खाली घातली. मला ठावं हुतं काय चाललंय त्ये."

जावयानं त्यांना मोबाइल दिला होता. तो कसा चालवायचा हे आम्ही दोघींनी शिकवलं, आणि मला वाटतं त्या शिकवण्यातूनच आमचं खरं नातं सुरू झालं. आप्पांना रील फार आवडत. म्हाताऱ्या माणसांनी मोबाइलला नावं ठेवायची असतात असं मी ऐकलं होतं, पण आप्पा उलट म्हणायचे, "तुमी लई नशीबवान. आमाला मुंबईचं कळायला दुसरा दिवस लागायचा, तुमाला चहा उतू जायच्या आत कळतंय." फक्त एक गोष्ट त्यांना सहन होत नसे. मी चालू घडामोडींचे व्हिडिओ दुप्पट वेगानं ऐकायची. परीक्षेला खूप वाचायचं असतं, सगळेच तसं ऐकतात. आप्पांनी एकदा ते ऐकलं आणि कानावर हात ठेवले.

"ह्या बाईच्या मागं कुत्रं लागलंय का?"

मग मी त्यांना वेग कमी करायचं बटन दाखवलं. ती माझी चूक झाली. त्या दिवसापासून ते सगळ्या बातम्या अर्ध्या वेगानं ऐकू लागले. दुपारी खालून निवेदकांचे लांबलेले, जड आवाज यायचे. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अवं, बंद करा त्या दारुड्याला!" आणि आप्पा शांतपणे म्हणायचे, "पिलेला न्हाई त्यो. आत्ता कुठं माणसासारखा बोलाय लागलाय."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आमच्याकडं पेपर कधी येत नव्हता. जग मला मोबाइलमधूनच कळलं, हे सांगताना मला लाज वाटत नाही. अर्थसंकल्प म्हणजे काय, निर्यातबंदी झाली की आमच्या कांद्याचं काय होतं, राज्यपाल काय करतात, हे सगळं मी कुणीतरी बनवलेल्या एकेका मिनिटाच्या व्हिडिओतून शिकले. ते सोपं करून सांगणारी मुलं-मुली माझ्याच वयाची होती आणि मला त्यांचा आधार वाटायचा. पण वर्गात सरांनी विचारलं, "हे कुठं वाचलंस?" की मी अडायची. पाहिलं होतं एवढंच आठवायचं. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते अंगठ्याबरोबर वर सरकून गेलेलं असायचं. आम्ही बातम्यांकडं जात नव्हतो, त्याच आमच्याकडं येत होत्या, आणि येणाऱ्याला 'कुठून आलास' म्हणून आपण विचारत बसत नाही.

आप्पा विचारायचे. मला वाटतं त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरायचंच नाही. मी एखादं रील दाखवलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "पाणी आलं कवा, मोजलं कवा, कळवलं कवा?" मग ते पाण्याचं असो की निवडणुकीचं. घडलं कधी, कुणी बघितलं कधी, आणि मोबाइलवर टाकलं कधी. या तीन वेगळ्या वेळा असतात हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. रीलच्या खाली 'दोन तासांपूर्वी' लिहिलेलं असलं की मी समजायची, दोन तासांपूर्वी घडलं.

"त्ये कळवलं कवा झालं," आप्पा म्हणायचे. "पैलं दोन कुठं हायेत?"

आम्ही शोधायला बसायचो. कधी सापडायचं, बहुतेकदा नाही. पाबळला याचा वैताग यायचा. ती हुशार होती, गावी वायरिंग आणि वेल्डिंग शिकून आली होती, तिला प्रत्येक गोष्टीचा उपयोग लागायचा. "आप्पा, वेळ कळून करायचं काय पण? नेता पडला तो पडला."

"तू बोर्डाला हात लावायच्या आधी लाइट गेली का नंतर गेली, ह्येला काय फरक न्हाई म्हन," आप्पा म्हणाले.  

त्यांच्या या सवयीनं माणसं दुखावायचीही. गल्लीच्या ग्रुपवर एकदा एका ओळखीच्या माणसाच्या निधनाचा मेसेज आला. हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत मधेच आप्पांचा मेसेज, 'कवा?' लोक संतापले. एकानं लिहिलं, 'माणूस गेलाय, एसटी नाही.' आप्पांना खात्री होती की मेसेज जुना किंवा चुकीचा असणार, कारण आदल्याच दिवशी त्यांनी त्या माणसाला भाजी घेताना पाहिलं होतं. ते चप्पल घालून थेट त्या घरी गेले. मेसेज खरा होता. ओट्यावर माणसं बसली होती. आप्पा दारात उभे राहिले आणि तिथंही त्यांनी त्या माणसाच्या मुलाला विचारलंच, "किती वाजता?"

काकूंनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. पण नंतर तो मुलगा स्वतः घरी आला. म्हणाला, त्या दिवशी सकाळपासून शंभर माणसं येऊन गेली, सगळी म्हणाली वाईट झालं. वडील सव्वापाचला गेले, मी हात धरून बसलो होतो, हे मला कुणालातरी सांगायचं होतं आणि तुमच्याशिवाय कुणी विचारलं नाही.  आप्पांनी त्याला चहा दिला आणि तो संपेपर्यंत खाली बघत बसून राहिले.

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडं नदीच्या काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी बसवलेल्या असतात. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की त्या काढून चढावर आणाव्या लागतात. नट खोलायचे, पाइप सोडवायचा, केबल गुंडाळायची आणि चौघांनी मिळून ते धूड उचलायचं. वेळेत नाही काढली तर नदी घेऊन जाते. मी कॉलेजला लागल्यापासून आमच्या घरी पाण्याची खबर ठेवायचं माझ्यावर सोपवलं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, लोकांना सांगायचे, "पोरगी दौंडात हाय, तिला मोबाइलवर सगळं दिसतं." ते असं म्हणाले की मला भीतीही वाटायची आणि बरंही वाटायचं.

त्या पावसाळ्यात एका दुपारी मला एक रील दिसलं. तांबडं पाणी, बुडालेला पूल, छाती धडधडेल असं संगीत आणि वर लाल अक्षरं, 'नदीकाठच्या लोकांनो, सावधान!' मी तिथल्या तिथं आण्णांना फोन लावला. ते लगेच "काढतो," म्हणाले. त्यांनी शेजारच्या सुदामतात्यांना सांगितलं, तात्यांनी पुढच्यांना. संध्याकाळपर्यंत पाच मोटारी वर आल्या.

पाणी आलंच नाही. पावसानं उघडीप दिली होती, कांद्याचं रोप पाण्याला आलं होतं आणि मोटारी बांधावर झोपल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या परत बसवताना तात्यांचा पाइप फुटला. डेअरीवर दूध घालायला सगळे जमतात, तिथं तात्या आण्णांना म्हणाले, "काय आण्णा, आज पोरीच्या मोबाइलात काय हाय? ऊन का पाऊस?" सगळे हसले. हे मला आईनं सांगितलं. आण्णांनी काहीच सांगितलं नाही. ते फोनवर फक्त "जेवली का? बरं," एवढंच बोलू लागले.

पाबळनं ते रील पुन्हा शोधून खालच्या कमेंट वाचल्या. कुणीतरी लिहिलं होतं, 'हे मागच्या वर्षीचं आहे.' मी खाली बघितलंच नव्हतं. मी तिला शपथ घातली की आप्पांना सांगू नकोस. तिनं त्याच दिवशी नळावर त्यांना सांगितलं.

आप्पांनी मला खाली बोलावलं. ते बोलतील म्हणून मी तयारच होते. त्यांनी रील मागितलं, अर्ध्या वेगानं दोनदा पाहिलं आणि मोबाइल परत दिला. मग म्हणाले, "माझ्याकडून बी झालंय."

एका पुरात त्यांनी पातळी अगदी बरोबर वाचली होती. पण फोनपर्यंत जाताना सायकल पंक्चर झाली आणि ते तासानं पोचले. त्यांनी वहीतला आकडा तसाच कळवला, तासापूर्वीचा आहे हे सांगायचं राहिलं. "आकडा खरा हुता. पर तोवर पाणी दोन फूट चढलं हुतं. खाली काठाला एका धनगराचा मेंढरांचा वाडा बसला हुता. माणसं निघाली. मेंढरं न्हाई निघाली." त्यांनी डाव्या मनगटावरचं घड्याळ सारखं केलं. "मला कुणी काय म्हनलं न्हाई. कुणाला कळलंच न्हाई. वहीत तर आकडा खराच हाय."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना हे माहीत असावं, कारण त्या काही न बोलता आत गेल्या.

पंधराएक दिवसांनी घाटावर खरा पाऊस लागला. मोबाइल पुन्हा तांबड्या पाण्यानं भरून गेला. कुठलं आजचं, कुठलं कालचं, कुठलं दुसऱ्याच जिल्ह्याचं, काही कळेना. यावेळी मी आण्णांना फोन केला नाही. आधी पूरनियंत्रण कक्षाचा नंबर शोधला. सरकारी ऑफिसला मी त्याआधी कधी फोन केला नव्हता. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. पलीकडच्या माणसाला मी विचारलं, पाणी सोडलं कधी, तुम्हाला कळलं कधी, आणि हे तुम्ही मला आत्ताचं सांगताय का. तो म्हणाला, "कोण बोलतंय? ऑफिसमधून का?" मी म्हणाले, नाही, राहूच्या पुढून. त्यानं सगळं नीट सांगितलं. सकाळी सोडलं होतं, दुपारी वाढवलं होतं, ताजा आकडा वीस मिनिटांपूर्वीचा होता.

मग आण्णांना लावला. दुपारचे चार वाजत आले होते. ते नदीवरच होते.

"आण्णा, मोटार काढा. या वेळी खरं आहे. मी स्वतः विचारलंय."

"बरं," आण्णा म्हणाले. "बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मला कळला. मागं तात्यांचा आवाज ऐकू आला, "परत आला व्हय पूर?"

मी जिना उतरून आप्पांकडं गेले. "आप्पा, तुम्ही बोला. तुम्ही एवढी वर्षं नोकरी केली, तुमचं ऐकतील. मी फोन लावून देते."

"न्हाई," आप्पा म्हणाले.

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं मी. माझं ऐकतील. मग तुझं कवा ऐकायचं त्यांनी?"

"आप्पा, मोटार जाईल! वाहून जाईल ती!"

काकू बाहेर आल्या. "अवं, ही काय शाळा मांडलीय तुमी? एक फोन केला तर काय झिजणार हाय तुमचं?"

"ह्या बारीला काढतील," आप्पा म्हणाले. "म्होरल्या बारीला मी नसलो तर?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी नदीकडं निघाले, निदान पाणी चढतंय का ते तरी बघावं म्हणून. आप्पांनी हाक मारली.

"राहू, हितली नदी बघून काय करती? पाणी आधी तुझ्या बापाच्या पुढून जातं, मग आमच्याकडं येतं. त्यो नदीवर उभा हाय आन् तू त्याला हितनं बातमी सांगती. त्याला मोजाय सांग."

"कशानं मोजणार ते?"

"काठी न्हाई का रानात?"

मी पुन्हा फोन लावला. "आण्णा, मोटार काढू नका." मी म्हणाले. "फक्त पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवा. आत्ता किती वाजले ते बघा. अर्ध्या तासानं पाणी कुठं आहे ते मला सांगा. एवढंच."

"काठी?"

"हो."

तात्या हसल्याचा आवाज आला. "आता काठी व्हय! आण्णा, लिंबू बी टाका वर." पण आण्णा म्हणाले, "रोवतो." काठी रोवायला काही लागत नाही, म्हणूनच ते हो म्हणाले असतील.

आम्ही अंगणात बसलो. पाबळही येऊन बसली. काकूंनी चहा आणला, तो कुणी घेतला नाही. आप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, घड्याळं वर करून. अर्धा तास झाला. फोन वाजला नाही. मी मोबाइल उचलला तर आप्पांनी मान हलवली. "त्याला मोजू दे." पाच मिनिटं गेली, मग आणखी पाच. मी मनात ठरवलं की मोटार गेली तर या घरात राहायचं नाही.

फोन वाजला. आण्णा धापा टाकत होते. मागं लोखंडावर पाना आपटल्याचा आवाज येत होता.

"काठी बुडाली," ते म्हणाले. "निम्मी न्हाई, पुरी बुडाली. पैली पाच मिनिटं कायच न्हाई, मग बघता बघता. काढतोय. तात्याची बी काढतोय आधी, त्याची खाली हाय."

 तिकडून तात्यांनी ओरडून विचारलं, "आण्णा, तिला इचार, अजून किती चढंल? हितं ठिवली तर चालंल, का पार वर न्यायची?"

आण्णांनी फोन त्यांच्या तोंडापाशी धरला असावा, कारण तात्यांचा श्वास एकदम जवळ ऐकू आला. मी आप्पांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते, पण काही सांगत नव्हते.

"तात्या, ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "ऑफिसलाही आत्ता माहीत नसेल. मी परत विचारते. तोवर तुम्ही दुसरी काठी रोवा, जरा वर."

 पलीकडून पाण्याचा आवाज येत होता, मला पहिल्यांदाच तो फोनवर ऐकू आला. मग तात्या कुणाला तरी ओरडले, "आरं, बघत काय बसलाय? काठी आणा रं दुसरी!"